एक दिवस कमी करता येईल का?

हिमालयातली खिंड ओलांडायला पाय लागतात, फुप्फुसं लागतात, बूट लागतात. पण त्या सगळ्याच्या आधी एक्सेल शीट लागते, आणि ती ज्याच्या गळ्यात पडते त्याचा ट्रेक इतरांपेक्षा चार महिने आधी सुरू होतो. आमच्या ग्रुपात तो मान माझा. 'तुला यातलं कळतं' एवढं म्हटलं की माणूस फुकटात कामाला लागतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

शीट ग्रुपवर टाकली की पहिल्या पाच मिनिटांत अंगठे येतात. सहाव्या मिनिटाला प्रश्न येतो: "भारीच! फक्त एक दिवस कमी करता येईल का?"

प्रश्न विचारणाऱ्याचा दोष नाही. शनिवार-रविवार, मध्ये पाच दिवसांची रजा, पुन्हा शनिवार-रविवार असे नऊ दिवस पदरात पडतात. शीट मात्र सोमवारपर्यंत जाते, म्हणजे दहा. आता दहातला कोणता दिवस उडवायचा? चालायचे दिवस उडवता येत नाहीत, कारण तंबू त्याच जागी लागतात. प्रवासाचे उडवता येत नाहीत, कारण दिल्ली ते मनाली अंतर सुमारे पाचशे किलोमीटर आहे आणि ते कोणाच्या रजेकडे बघून आखडत नाही. उरतात दोनच ओळी: 'मनालीत मुक्काम, विश्रांती' आणि 'राखीव दिवस'. या दोन ओळी सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतात, कारण त्यांच्यासमोर काहीच होत नाही. आणि खरं सांगायचं तर अख्ख्या शीटमध्ये महत्त्वाच्या ओळी त्या दोनच आहेत. बाकी फक्त चालणं आहे.

हम्प्ता पासचंच घ्या. पहिल्या खिंडीसाठी लोक हाच निवडतात, आणि निवड चांगली आहे. कुल्लूच्या हिरव्या दरीतून चढायचं आणि पलीकडे लाहौलच्या उघड्याबोडक्या डोंगरांत उतरायचं. एका दिवसात दोन वेगळे मुलुख. मनाली २०५० मीटरवर. जोब्र्यापर्यंत गाडी, मग थोडं चालून चिका, सुमारे ३१०० मीटर. दुसऱ्या दिवशी बालू का घेरा, ३६०० च्या आसपास. तिसऱ्या दिवशी ४२७० मीटरची खिंड ओलांडून शिया गोरूला साधारण ३९०० वर मुक्काम. मग छत्रू, तिथून गाडीने चंद्रताल, आणि अटल बोगद्यातून मनालीला परत.

आता नियम बघा. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर १००० मीटरमागे एक जादा रात्र द्यावी. दिवसा कितीही चढा. शरीर हिशेब मांडतं ते रात्री डोकं कुठे टेकलं त्याचा. मनाली ते चिका हीच एका दिवसात हजार मीटरची उडी आहे. ज्या माणसाला सकाळी व्होल्वोतून उतरून दुपारी चिक्याला तंबूत शिरायचं असतं, तो आदल्या सकाळी समुद्रसपाटीला इडली खात होता, हे त्याच्या रक्ताला सांगणार कोण?

इथे कोणीतरी म्हणतोच, "वर ऑक्सिजन कमी असतो ना?" हवेत ऑक्सिजन वरही २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. ४३०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात माल कमी. शरीर त्यावर उपाय म्हणून जोरजोरात श्वास घेतं. त्यात कार्बन डायऑक्साइड जादा बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. हा लगाम सोडवायचं काम मूत्रपिंडांचं. ती बायकार्बोनेट बाहेर टाकतात, पण सावकाश, दोन-चार दिवस घेऊन. मॅनेजरने कितीही मेल पाठवले तरी मूत्रपिंडं ओव्हरटाइम करत नाहीत. 'विश्रांती'च्या त्या रिकाम्या ओळीत हे सगळं काम चाललेलं असतं.

दरवर्षी मॅरेथॉन धावणारा गडी हे ऐकून मंद हसतो. त्याच्यासाठी वाईट बातमी: उंचीचा त्रास तंदुरुस्ती बघून येत नाही. उलट दमदार माणूस भराभरा वर जातो आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. सह्याद्रीत पाय तयार होतात, गुडघे तयार होतात, उन्हाची सवय होते. उंचीची सवय व्हायला उंची लागते, आणि ती आपल्याकडे मिळत नाही. सराव जरूर करा. पाठीवर आठ-दहा किलो घेऊन जिने चढा, आणि मुख्य म्हणजे उतरा, कारण गुडघे बोलतात ते उतारावर.

यानंतर औषधांचा अध्याय. डायमॉक्स, म्हणजे असेटाझोलामाइड, वर सांगितलेलं मूत्रपिंडांचंच काम लवकर उरकायला मदत करतं. प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. गोळी २५० ची मिळते, म्हणून अर्धी. डॉक्टरांना विचारून घ्या, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी तेच सांगा. बोटांना मुंग्या येतात, सोडा मिळमिळीत लागतो, आणि रात्री उणे तापमानात तंबूची चेन वारंवार उघडावी लागते. म्हणून दाराजवळ कोणी झोपायचं हे आधीच ठरवा; तीन माणसांच्या तंबूत यावरून मैत्र्या तुटतात. गोळी खाल्ली म्हणून एक दिवस कापता येतो का, हा प्रश्न इथे पुन्हा येतो. नाही येत.

कापराची पुरचुंडी गळ्यात बांधून येणाऱ्यांचा एक पंथ आहे. कापराने नाकाला गार वाटतं, मोकळं वाटतं. रक्तातला ऑक्सिजन होता तिथेच राहतो. ऑक्सिजनचा छोटा कॅन काही मिनिटांत संपतो आणि फोटोत छान दिसतो. ऑक्सिमीटर कामाचा, पण त्याचे आकडे बघून दहावीचा निकाल लागल्यासारखं वातावरण होतं. ३६०० मीटरवर ८५ ते ९० हा आकडा नेहमीचा. "मला ८६, तुला ९१ कसे?" असं म्हणून रडायची गरज नाही. गार बोटावर मशीन काहीही दाखवतं. आधी हात चोळा. आकड्यापेक्षा माणूस बघा. डोकं दुखतंय, जेवण नको, मळमळ, चक्कर: आहे तिथेच थांबायचं. तोल जातोय, बडबड असंबद्ध होतेय, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येतोय: रात्र असो की पाऊस, ताबडतोब खाली. यात विनोद काही नाही, म्हणून पुढे जातो.

महिना कोणता? जूनमध्ये खिंडीत बर्फ जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये फुलं आणि चिखल, सप्टेंबरमध्ये आकाश स्वच्छ आणि रात्री कडाक्याच्या. ग्रुपला बर्फही हवा असतो, फुलंही, स्वच्छ आकाशही, आणि थंडी 'जास्त नको'. असा महिना कॅलेंडरवाल्यांनी अजून छापलेला नाही. माझं मत सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याला. पावसाळ्यात खिंड एक वेळ सोपी जाते, रस्ता दगा देतो. जुलै २०२३ मध्ये ब्यास नदीच्या पुराने कुल्लू-मनालीचा रस्ता ठिकठिकाणी वाहून नेला. आणि फार उशीर केला तर ऑक्टोबर २०२१ आठवावा. हर्षिलहून छितकुलला जाणाऱ्या लमखागा खिंडीच्या वाटेवर हिमवादळात ट्रेकर दगावले. राखीव दिवस असतो तो यासाठी. हवा बिघडली तर तंबूत बसून पत्ते कुटता यावेत, 'परवा मीटिंग आहे' म्हणून ढगात शिरावं लागू नये.

तिकिटांचं सांगतो. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होते. याचा फायदा असा की लोकांना 'विचार करून सांगतो' म्हणायला दोन महिने जादा मिळतात. परतीचं विमान ट्रेक संपतो त्याच दिवशी कधीही घेऊ नका. भुंतरहून, म्हणजे कुल्लूजवळच्या विमानतळावरून, उडणाऱ्या विमानावर तर सगळी मदार ठेवूच नका. दरीत ढग भरले की ते येत नाही. विमानाने जाताना पॉवर बँक हातातल्या बॅगेत, काठ्या चेक-इनमध्ये, गॅसचं सिलिंडर कुठेच नाही. आणि परदेशातल्या मेव्हण्याने हौसेने दिलेला सॅटेलाइट फोन घरीच ठेवा. भारतात तो विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे, आणि सुरक्षा तपासणीला ट्रेकची सबब चालत नाही.

आता बूट. दुकानात बूट घालून सपाट फरशीवर चार येरझाऱ्या घालणं म्हणजे परीक्षा नव्हे. जाड मोजे घालून, नाडी घट्ट करून, उतरत्या फळीवर उभं राहा. अंगठा पुढे टेकला तर अर्धा नंबर वाढवा, नाहीतर खिंडीपलीकडच्या उतारावर नख काळं पडणारच. निघण्याच्या दोन दिवस आधी नखं कापा. नवे बूट किमान तीन आठवडे रोज वापरा. आणि ज्यांचे बूट 'पाच वर्षांपूर्वीचे, पण एकदम नवे, दोनदाच वापरलेत' ते माळ्यावर आहेत, त्यांनी ते आज खाली काढावेत. तळव्याच्या वरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत नुसता पडून पडूनही कुजतो. अंगठ्याने दाबून बघा. भुगा पडला, बारीक भेगा दिसल्या किंवा चिकट लागलं, तर तो बूट घरी नवा दिसेल आणि चिक्याच्या पुढे तळवा ओढ्याच्या काठी ठेवून येईल. प्रत्येक ग्रुपात एका बुटाचं हे होतं, म्हणून काठीभोवती मीटरभर डक्ट टेप गुंडाळून ठेवायची.

कपड्यांत सुती काही नको, जीन्स तर नकोच. ओलं झालं की वाळत नाही आणि अंगाची ऊब शोषून घेतं. थरांवर थर घाला: अंगालगत घाम बाहेर टाकणारा, मग फ्लीस, मग पिसांचं जॅकेट, वरून वारा-पाऊस अडवणारं. बर्फावर अतिनील किरणं खालूनही येतात, तेव्हा चष्मा चांगला घ्या आणि सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा. ती जागा सगळे विसरतात आणि मग आठवडाभर शिंकायला घाबरतात. रात्री फोन, बॅटरी आणि पाण्याचा फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. थंडीत बॅटरी बसते, आणि फिल्टर एकदा गोठला की त्यावर भरवसा ठेवता येत नाही. घरून निघताना आग्रहाने बॅगेत कोंबलेले लाडू वजन करून घ्या. दोन किलो निघतात.

खिंडीच्या दिवसाची ओळ वाचून पुन्हा तक्रार येते: "एवढ्या पहाटे?" हम्प्त्याला उजाडताना निघालं तरी चालतं, रूपिन पास ४६५० मीटर किंवा पिन पार्वती ५३१९ मीटर, अशा ठिकाणी अंधारातच निघावं लागतं. रात्री गोठलेलं बर्फ माणूस तोलतं. दुपारी तेच गुडघ्यापर्यंत गिळतं, आणि ढगही दुपारीच खिंडीत जमतात. ओढ्यांचं तेच. दिवसभर वर बर्फ वितळतं आणि दुपारनंतर पाणी चढतं. शिया गोरूचा ओढा म्हणून सकाळीच ओलांडायचा. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून ठेवा, पाय घसरलाच तर सॅक टाकून देता आली पाहिजे. पाण्याच्या वरच्या अंगाला तोंड करा, काठी पुढे रोवा. पाणी इतकं गार असतं की पलीकडे पोचल्यावर पाय आहेत की नाहीत ते बघून खात्री करावी लागते.

विश्रांतीची ओळ वाचवायची एक युक्ती सांगतो. शीटमध्ये 'विश्रांती' हा शब्दच लिहू नका. लिहा: 'उंचीचा सराव: सकाळी ३०० मीटर चढाई, दुपारी खाली मुक्काम.' यात खोटं काही नाही. वर जाऊन खाली झोपणं हाच त्या दिवसाचा उत्तम उपयोग. पण भरलेल्या चौकटीला कोणी हात लावत नाही. राखीव दिवसाला 'परवाना व कागदपत्रे' म्हणा. सरकारी वाटणाऱ्या गोष्टीबद्दल आपली माणसं प्रश्न विचारत नाहीत.

शेवटची भानगड पैशांची. गाइड, स्वयंपाकी, जीप आणि खेचरं यांचा खर्च ठरलेला. माणसं घटली की माणशी हिस्सा फुगतो. चौदा जण हो म्हणतात, तिकिटाला नऊ उरतात, निघताना सहा. म्हणून परत न मिळणारी आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय कोणाचं नाव शीटमध्ये चढवू नका, मग तो सख्खा भाऊ का असेना. ऐनवेळी न गळणारा सदस्य खेचर. त्याला रजा लागत नाही, डायमॉक्स लागत नाही. त्याला चाकांची सुटकेस मात्र चालत नाही. मऊ डफल बॅगा हव्यात, आणि दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं. तेव्हा लाडू दोन बॅगांत वाटून भरा.