“आम्हाला कुठे दिले होते डोस?”

आज सकाळी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर चुलतभावाच्या सुनेने बाळाला सहाव्या आठवड्याचे लसीचे डोस (त्यांत रोटाव्हायरस या जुलाबाच्या विषाणूवरचे थेंबही असतात) दिल्याचे कळवले आणि तासाभरात काकांचे उत्तर आले : “तोंडात थेंब काय, मांडीत सुया काय! आम्हाला कुठे दिले होते डोस? आम्ही जगलोच ना?” त्यावर बऱ्याच जणांनी अंगठेही उमटवले. तेथे उत्तर दिले असते तर घरात भांडण झाले असते, म्हणून येथे लिहीत आहे.

“आम्ही जगलोच ना” असे म्हणायला जे जगले तेवढेच हजर असतात. माझ्या आजीला कोणी मुले किती असे विचारले, की ती “झाली पाच, राहिली चार” असे सांगत असे. जो राहिला नाही तो माझ्या वडिलांच्या पाठचा भाऊ. वर्षाचाही झाला नव्हता. ऐन पावसाळ्यात, बार्शीकडच्या आमच्या गावी, त्याला हगवण आणि ओकारी लागली. पाणी पाजले की हगवण वाढते, अशी घरातल्या मोठ्यांची पक्की समजूत असल्यामुळे रात्रभर त्याला पाण्याचा थेंब दिला गेला नाही. तो तांब्याकडे बघत होता, एवढेच आजी सांगत असे. पुढचे तिने कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

त्याला नेमका कोणता रोग झाला होता, हे आता कळण्याचा मार्ग नाही. पण अशा असंख्य बाळांचा जीव घेणारा रोटाव्हायरस 1973 मध्ये मेलबर्नच्या रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुलांच्या आतड्याच्या नमुन्यांत दिसला, आणि लस येण्यापूर्वी एकट्या भारतात त्याने दरवर्षी सुमारे 78 हजार बालके दगावत, असा अंदाज होता. मीठ-साखरेच्या पाण्याने काय साधते, हे डॉ. दिलीप महालनबीस यांनी 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दाखवून दिले होते. म्हणजे ज्या गोष्टीला आमच्या घराने त्या रात्री मज्जाव केला, तीच औषध होती.

हे सगळे आज उफाळून येण्याचे कारण म्हणजे रोटाव्हायरस आणि त्यावरच्या लसीचा अभ्यास करणाऱ्या विषाणुतज्ज्ञ डॉ. गगनदीप कांग यांचे काम, ज्याविषयी आपल्या घरांत कोणालाच काही ठाऊक नसते. क्रिकेटपटूच्या गुडघ्याला काय झाले ते आपल्याला तोंडपाठ असते. मात्र वेल्लोरच्या वस्त्यांमध्ये 2002 पासून 452 बाळांवर जन्मापासून पाळत ठेवून, दर पंधरवड्याला त्यांच्या शौचाचे नमुने गोळा करून, त्यांतील 373 मुलांचा तीन वर्षांपर्यंतचा हिशेब पूर्ण करणाऱ्या माणसांचे नाव आपल्याला माहीत नसते. हे काम करायला घरोघर जाणाऱ्या बायका लागतात, चिकाटी लागते आणि दुर्गंधीची किळस बाजूला ठेवावी लागते. त्यातून निघालेला निष्कर्षही सुखावणारा नव्हता. मेक्सिकोतील मुलांना दोनदा संसर्ग होऊन गेला की मध्यम वा गंभीर आजारापासून जवळपास पूर्ण संरक्षण मिळत होते. वेल्लोरच्या मुलांना तीन संसर्गांनंतरही ते 79 टक्केच मिळत होते. आपल्याकडे लस परदेशाइतकी प्रभावी ठरणार नाही, याची खूण तेथेच मिळाली होती.

आणि तसेच झाले, हे मान्य करतो. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान यांच्या गटाला नवजात बाळांत सापडलेल्या विषाणूपासून जी स्वदेशी लस तयार झाली, तिच्या चाचणीत दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळचे वढू येथील 6,799 बाळे होती. पहिल्या वर्षात गंभीर आजारापासून साधारण 56 टक्केच संरक्षण मिळाले. “निम्मीच ना?” असे काका नक्की म्हणतील. निम्मी म्हणजे किती घरे, हे त्यांनी आजीला विचारायला हवे होते.

लसीमुळे आतड्यात आतडे अडकण्याच्या भीतीविषयीही लोक बोलतात आणि ती भीती निराधार नव्हती; याच कारणाने 1999 मध्ये अमेरिकेत रोटाव्हायरसची एक लस मागे घेतली गेली. म्हणूनच भारतात लस सुरू झाल्यावर कांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसे झालेली बाळे अनेक रुग्णालयांतून शोधून तपासली, आणि लसीशी त्याचा संबंध आढळला नाही, हे 2020 मध्ये प्रसिद्ध केले. शंका घेणाऱ्याने एवढे श्रम घ्यावेत. नुसता अंगठा उमटवू नये.

स्वच्छ पाणी आणि संडास आधी हवेत, हेही खरे. कोणी नाही म्हटले? पण नळ गावात पोहोचेपर्यंत बाळ थांबत नाही.

इतके लिहून झाल्यावर राग थोडा ओसरला आहे. काका त्या भावाच्या नंतर जन्मले. त्यांनी त्याला पाहिलेलेच नाही. आजीने त्यांना जपले ते कदाचित त्या रात्रीच्या धास्तीनेच, कारण काकांना जरा ताप आला तरी ती पाण्याचे भांडे उशाशी ठेवून बसत असे, असे वडील सांगतात. त्यामुळे त्यांचे “आम्ही जगलोच” हे उद्धटपणाचे नसावे. पण त्यावर अंगठे उमटवणाऱ्या तरुण आई-बापांना मी एवढी सवलत देणार नाही.

कांग यांनी पुढे टायफॉइडवरही देशभर असेच मोजमाप उभे केले. त्या रोगाच्या नव्या लसीची जगातील पहिली सार्वजनिक मोहीम 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने सुरू केली, नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. माझ्या यादीत नवी मुंबईकर बरेच आहेत. तुमच्या मुलांना तेव्हा ती लस मिळाली होती का, आणि शेजारीपाजारी लोक ती द्यायला तयार झाले होते की कां-कू करत होते, हे खाली लिहा. मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.