कोल्हापूर ते गोंदिया नक्की किती तास?

इंटरनेटवर दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि वेळ लगेच समोर येते. कोल्हापूर-गोंदिया टाकून बघा. सरळ रेषेत साधारण 830 किलोमीटर, उड्डाण सुमारे दीड तास. हिशोब चूक नाही. जेट विमान ताशी 800 च्या वर जातं, त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांचा अर्धा तास धरायचा. लहान विमानतळांवर बऱ्याचदा एटीआर हे पंख्याचं छोटं विमान येतं, ते ताशी 500 च्या आसपास, म्हणजे दोन तासांच्या थोडं वर. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचा वारा जोरात असतो, त्यामुळे जाताना वेळ थोडा वाचतो आणि येताना त्याहून किंचित जास्तच वाया जातो.

सगळं खरं. फक्त या दोन गावांमध्ये थेट विमानच नाही!

आहे ती महाराष्ट्र एक्सप्रेस. पुणे, मनमाड, भुसावळ, नागपूर करत साडेतेराशेच्या आसपास किलोमीटर, 27-28 तास, आणि राज्याची हद्द एकदाही ओलांडायची नाही. या गाडीबद्दल मला मनापासून आदर आहे. बदलीवर गेलेले शिक्षक, पोलीस, शिकायला गेलेली पोरं, सगळ्यांना तिनेच पोचवलंय. पण घरी कुणी अत्यवस्थ आहे असा फोन आला, की हेच 28 तास जीव खातात. मातीला तरी पोचेन का, एवढाच प्रश्न उरतो.

आता हैदराबादचं गणित बघा. कोल्हापूरहून हैदराबाद सरळ रेषेत 445 किलोमीटर, तिथून गोंदिया 515. एकूण 960. म्हणजे परराज्यात जाऊन आलं तरी वळसा फक्त 130 किलोमीटरचा. 1 डिसेंबर 2023 ला गोंदिया-हैदराबाद-तिरुपती विमान सुरू झालं तेव्हा मला म्हणूनच आनंद झाला होता. पण वळशाचं विमान वेळा जुळल्या तरच उपयोगाचं. पुढचं विमान तासाभरापूर्वीच निघून गेलेलं असेल, तर तिकिटावर दिसणारा वेळ कागदावरच राहतो. नागपूरचंही तेच. नागपूरपर्यंत विमान मिळालं, तर पुढे गोंदिया रेल्वेने जेमतेम 130 किलोमीटर. पण ती गाडी हाताशी हवी.

लहान शहरं विमानाने जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेतलं पहिलं विमान एप्रिल 2017 मध्ये शिमल्याहून दिल्लीला गेलं. त्यात विमान कंपनीला मिळणारं अनुदान तीन वर्षांचं, आणि 2023 च्या पाचव्या फेरीपर्यंत मार्गाच्या लांबीवर 600 किलोमीटरची मर्यादा होती. 830 किलोमीटरचा आपला मार्ग त्यात बसणार कसा? आता ती मर्यादा उठली आहे. तरीही आपल्या मागण्या अजून मुंबई आणि दिल्लीच्याच असतात. माझं स्पष्ट मत आहे की राज्याची दोन टोकं एकमेकांना जोडणं हे राज्य सरकारचं काम आहे, आणि पहिली काही वर्षं तोटा झाला तर तो राज्याने उचलावा. समृद्धी महामार्गावर हजारो कोटी खर्च झाले, ते योग्यच झाले. पण तो नागपूर ते मुंबई आहे. कोल्हापूरकराला त्याचा काय उपयोग?

थेट विमान आठवड्यातून दोनदा असलं तरी चालेल. ते होईपर्यंत निदान हैदराबाद आणि नागपूरच्या वेळा जुळवून द्या. ही मागणी कोल्हापूरच्या खासदारांनी एकट्याने करून भागणार नाही, भंडारा-गोंदियाकडूनही ती त्याच अधिवेशनात यायला हवी. तिकडचे कुणी वाचत असाल, तर घरातून निघून घरी पोचेपर्यंत तुम्हाला किती तास लागतात ते खाली लिहा. ते आकडे घेऊनच निवेदन द्यायचं आहे.