चार्ज ढकलताहेत, त्वरण स्थिर नाही! किती वेळा सांगायचं?

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत, आणि खाडीपलीकडे वाशी, नेरूळ, खारघरला, क्लासच्या पाट्यांना तोटा नाही. बारावी, सीईटी, जेईई, सगळ्याची हमी. आणि त्यातल्या कित्येक ठिकाणी वाटलेल्या झेरॉक्स नोट्समध्ये इलेक्ट्रोस्टॅटिक्सचं, म्हणजे स्थिर विद्युत चार्जचं, एक साधं गणित असं सोडवलेलं असतं की डोकं फिरतं. दोन सजातीय, म्हणजे एकमेकांना ढकलणारे, चार्ज जवळ धरले, सोडून दिले, वेग काढा. बस, एवढंच! त्यावर पोरं काय लिहितात? कूलॉमच्या (दोन चार्जमधल्या बलाच्या) नियमाने बल, बल भागिले वस्तुमान म्हणजे त्वरण, आणि पुढे डोळे मिटून व्ही वर्ग बरोबर यू वर्ग अधिक दोन ए एस (व्ही शेवटचा वेग, यू सुरुवातीचा, ए त्वरण, एस कापलेलं अंतर).

अरे, ते समीकरण त्वरण स्थिर असेल तरच चालतं! इथे चार्ज लांब सरकला की बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. पहिल्या क्षणाचं त्वरण पुढच्या सगळ्या वाटेला लावायचा अधिकार दिला कोणी?

आकड्यांनीच बघा. १ मायक्रोकूलॉमचे दोन चार्ज, मधलं अंतर १० सेंटीमीटर. एक पक्का बसवलेला, दुसरा १ ग्रॅमचा आणि मोकळा. बाकी कुठलंही बल नाही. सुरुवातीचं बल ०.९ न्यूटन, त्वरण ९०० मीटर प्रति सेकंद वर्ग. अंतर ३० सेंटीमीटर झाल्यावर वेग किती? ‘शॉर्टकट’ने येतो जवळपास १९ मीटर प्रति सेकंद, म्हणजे गतिज (गतीची) ऊर्जा ०.१८ जूल. आणि त्या जोडीकडे मुळात ऊर्जा होती किती? ०.०९ जूल! असलेल्यापेक्षा दुप्पट खर्च दाखवलाय, आणि तपासणारा त्यावर बरोबरची खूण करतो.

खरी रीत तीन ओळींची आहे. स्थितिज ऊर्जा, म्हणजे त्या जोडीत साठलेली ऊर्जा, अशी: के (कूलॉमच्या नियमातला स्थिरांक) गुणिले दोन्ही चार्ज, भागिले अंतर. अंतर, अंतराचा वर्ग नव्हे. वर्ग बलाच्या सूत्रात असतो. १० सेंटीमीटरला ०.०९ जूल, ३० सेंटीमीटरला ०.०३. फरक ०.०६ जूल, तोच गतिज ऊर्जेत गेला. वेग साधारण ११ मीटर प्रति सेकंद. अनंत अंतरावर विचारला तर पूर्ण ०.०९ जूल घ्या, वेग १३.४. तिथेही एस अनंत म्हणून वेग अनंत लिहिणारे आहेतच.

याहून जास्त राग येतो तो दोन्ही चार्ज मोकळे असतात तेव्हा. समजा दुसरा २ ग्रॅमचा आहे आणि तोही सुटला. लगेच दोघांना ०.०९, ०.०९ जूल वाटून मोकळे! ती ऊर्जा जोडीची आहे हो, एकेकट्याची नाही. ती एकदाच मोजायची. वाटणी ठरवतो संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग: सुरुवातीला शून्य, म्हणून शेवटीही बेरीज शून्य. त्यातून गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात वाटली जाते. खूप लांब गेल्यावर १ ग्रॅमच्याला ०.०६ जूल आणि १०.९५ चा वेग, २ ग्रॅमच्याला ०.०३ जूल आणि ५.४८. वस्तुमान गुणिले वेग करून बघा, दोन्हीकडे सारखं येतं, फक्त दिशा उलट. वाटून मोकळे होणाऱ्यांचे वेग येतात १३.४ आणि ९.५, तिथे संवेग जुळतच नाही. हा ताळा करायला दहा सेकंद लागतात. ते दहा सेकंद कोणी शिकवत नाही, कारण दिवसाला ठरावीक संख्येने प्रश्न ‘उडवायचे’ असतात!

समभुज त्रिकोणाच्या तीन टोकांवर तीन चार्ज ठेवले की गोंधळ आणखी वाढतो. तेच १ मायक्रोकूलॉम, १ ग्रॅम, बाजू १० सेंटीमीटर. जोड्या तीन, म्हणून एकूण ०.२७ जूल. तिन्ही एकदम सोडले तर प्रत्येकाला ०.०९ जूल, वेग १३.४. पण एकच सोडला आणि उरलेले दोन धरून ठेवले तर त्या एकट्याला ०.१८ जूल मिळतात, वेग १९. तो खूप लांब गेल्यावर दुसरा सोडा, त्याला ०.०९. तिसऱ्याला काहीच नाही, त्याला ढकलायला जवळ कोणी उरलेलं नसतं. बेरीज पुन्हा ०.२७. इतकं सुंदर गणित आहे हे, आणि नोट्समध्ये दोन्ही प्रसंगांना एकच सूत्र चिकटवून दिलेलं!

एककांबद्दल तर बोलायलाच नको. मायक्रो म्हणजे १० चा उणे ६ वा घात. दोन चार्जचा गुणाकार केला की उणे १२ वा. एकदाच मायक्रो लिहिलं की ऊर्जा दहा लाख पटींनी आणि वेग हजार पटींनी फुगतो. ग्रॅमचे किलोग्रॅम आणि सेंटीमीटरचे मीटर सूत्रात घालण्याआधीच करायचे, उत्तर आल्यावर नाही.

आणि प्रश्न काढणाऱ्यांनो, तुम्हीही जरा बघा. दोन इलेक्ट्रॉन १० चा उणे १५ वा घात मीटर अंतरावरून सोडायचे आणि हेच अर्धा एम व्ही वर्ग (गतिज ऊर्जेचं नेहमीचं सूत्र) लावून उत्तर छापायचं? प्रत्येकाचा वेग येतो सेकंदाला सुमारे ५० कोटी मीटर. प्रकाशाचा ३० कोटी आहे, त्यापुढे कोणी जाऊच शकत नाही! तिथे सापेक्षतेचं सूत्र लागतं. ते अभ्यासक्रमात नसेल तर इलेक्ट्रॉन काढा आणि १० चा उणे १० वा घात मीटर अंतरावर दोन प्रोटॉन ठेवा. वेग साधारण ३७ किलोमीटर प्रति सेकंद येतो आणि तिथे हेच सूत्र व्यवस्थित चालतं.