तीन खाती, एक खिडकी

माझी तीन मेल अकाउंट आहेत. एक नेहमीचं, एक बँक नि बिलांचं, आणि एक कॉलेजात असताना काढलेलं, ज्याचं नाव मी चारचौघात सांगत नाही. रोज ब्राउझरमध्ये एकातून बाहेर पडा, दुसऱ्यात शिरा, आणि त्या गडबडीत ऑफिसच्या माणसाला तिसऱ्याच, म्हणजे त्या न सांगण्यासारख्या पत्त्यावरून उत्तर पाठवा, असं दोनदा झालं तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, डेस्कटॉपवर एक मेल प्रोग्राम टाक की, तिन्ही खाती एकाच खिडकीत येतील, दहा मिनिटांचं काम आहे." एवढं बोलून तो गेला. दहा मिनिटांचं काम सांगणारे कधी अकरावं मिनिट बघायला थांबत नाहीत.

प्रोग्राम टाकला, नाव, पत्ता, पासवर्ड दिला. पासवर्ड चुकीचा. परत टाकला, एकेक अक्षर मोठ्यांदा म्हणत, तरी चुकीचा. शेवटी वैतागून पासवर्ड बदलला, तर फोन, टॅब सगळीकडून एकदम हकालपट्टी झाली, आणि प्रोग्राम आपला तेच म्हणतोय, पासवर्ड चुकीचा. भाच्याला फोन लावला तेव्हा कळलं की मी टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी, लावून ठेवल्यामुळे इथे माझा खरा पासवर्ड चालणारच नव्हता, वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागतो. सोळा अक्षरी! तो मी काढला फोनवर, टाकायचा होता कॉम्प्युटरवर, आणि तो एकदाच दाखवतात म्हणून विजेच्या बिलाच्या पाठीमागे लिहून घेतला. माझं अक्षर बघता त्यात दोन ठिकाणी एल होता का ई होता हे मलाही लागेना, म्हणून चार वेळा वेगवेगळं टाकून बघितलं आणि मग सरळ नवा काढला.

पुढे प्रोग्रामने विचारलं, पॉप का आयमॅप? आता हा काय प्रश्न झाला? पॉप हे नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, म्हणून पॉप.

यातली गोम नंतर कळली. पॉप नि आयमॅप या मेल आणायच्या दोन पद्धती. पॉप आलं 1984 साली, तेव्हा लाइन जोडायची, टपाल उचलायचं, लाइन तोडायची, त्यामुळे त्याचा साधा हिशोब असा की मेल कॉम्प्युटरवर आली की सर्व्हरवरची, म्हणजे मेलवाल्यांच्या कॉम्प्युटरवरची, काढून टाकायची. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' अशी एक चौकट असते, तिच्यात टिक करावी लागते. माझ्याकडे ती चौकट रिकामी होती आणि मी चहा पीत मेल उतरताना बघत होतो, अकरा हजारातली दोनशेवी, अकरा हजारातली चारशेवी, काय समाधान वाटत होतं म्हणून सांगू! संध्याकाळी बाहेर फोन उघडला तर इनबॉक्स धुवून पुसून स्वच्छ. माझी सगळी मेल घरी, बंद करून ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या पोटात.

दुसरी भानगड पाठवण्याची. मेल येतायत, पण जात काही नाही, सगळ्या आउटबॉक्समध्ये रांग लावून उभ्या. आणायचा सर्व्हर वेगळा आणि पाठवायचा वेगळा, हे मला कोण सांगणार? पाठवायच्या पोर्टचे, म्हणजे मेल बाहेर पडायच्या दाराचे, तीन आकडे होते, 25, 465 आणि 587. मी सगळ्यात लहान म्हणून 25 निवडला. स्पॅमवाले याच दारातून कचरा ओततात म्हणून बरेच इंटरनेटवाले घरगुती कनेक्शनला तो बंदच ठेवतात. 587 केल्यावर रांग एकदम सुटली, त्यात मी 'गेली का बघू' म्हणून पाठवलेल्या सहा मेल एकाच माणसाला गेल्या. त्याने फोन करून विचारलं, सगळं ठीक आहे ना?

मग खातं परत जोडलं, या वेळी आयमॅपने. हे 1986 मध्ये स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन यांनी बनवलं, यात मेल सर्व्हरवरच राहते आणि सगळीकडे तीच दिसते. पॉपने पळवलेल्या मेल ओढून आयमॅपच्या फोल्डरमध्ये टाकल्या तर त्या परत वर चढतात, हा शोध मला रात्री दीड वाजता लागला. अकरा हजार मेल चढायला किती वेळ लागतो ते विचारू नका.

एवढं झाल्यावर गप्प बसावं ना? बँकेच्या खात्यात तीच मेल तीन फोल्डरमध्ये दिसत होती. मला वाटलं डुप्लिकेट आहेत, आवराआवर करू. पण वेबमेलमध्ये एका मेलला दोनतीन लेबलं, म्हणजे नावाच्या चिठ्ठ्या, लावलेल्या असतात आणि प्रत्येक लेबलला आयमॅप फोल्डर म्हणून दाखवतं, मेल एकच असते. आणि इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, त्याचं कामच ते. ट्रॅशमधून तीन वर्षांची स्टेटमेंट मी हाताने वेचून काढली.

राहिलं तिसरं खातं. त्याचा पासवर्ड आठवेना, तेव्हा त्याने जुना सुरक्षा प्रश्न काढला, लहानपणीचा सगळ्यात जवळचा मित्र कोण? मी एक नाव टाकलं, चुकीचं. दुसरं, चुकीचं. तिसरंही चुकीचं. भाचा मागे उभा होता, म्हणाला, "मामा, कुणाशी भांडण वगैरे झालं होतं का तुझं?"

चौथं नाव तेव्हा आठवलं. पण तोवर खात्याने 24 तास थांबायला सांगितलं होतं.