मूषकाच्या घरी अजगर

गणपती आठ दिवसांवर आले की घरात कोणीतरी म्हणतंच, "यंदा मखराला ते पळणारे दिवे लावू या." मग ज्याला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येते त्याच्याकडे सगळे बघतात. त्याने तेव्हा जमिनीकडे बघावं, असं माझं मत आहे. पायथनचं काम दहा मिनिटांचं. उरलेले आठ दिवस वायरी खातात.

ती दहा मिनिटं आधी उरकू. रास्पबेरी पाय पिको या चिमुकल्या संगणक-बोर्डावरचं बूटसेलचं बटण दाबून धरत यूएसबी लावायची, संगणकावर नवीन ड्राइव्ह दिसला की त्यात मायक्रोपायथनची, म्हणजे अशा बोर्डांसाठीच्या छोट्या पायथनची, फाइल टाकायची. ड्राइव्ह दिसत नसेल तर ती केबल नुसती चार्जिंगची आहे. अशा केबली घरात चार असतात आणि हाताला त्याच आधी लागतात. पुढे दिवे चालवणारं नियोपिक्सेल मॉड्यूल घ्या, सिग्नलची पिन सांगा, दिव्यांची संख्या सांगा, रंग भरा आणि ते दिव्यांकडे धाडायला राइट() म्हणा. राइट() विसरलात तर पायथन चूक दाखवत नाही. रुसलेल्या जावयासारखं: तक्रार नाही आणि हालचालही नाही. प्रोग्रॅमची फाइल बोर्डावरच मेन डॉट पीवाय नावाने ठेवा, नाहीतर लॅपटॉप काढून चार्जर लावला की मखरात अंधार.

आता खरी साडेसाती. डब्ल्यूएस२८१२बी नावाच्या रंगीत एलईडी दिव्यांची पट्टी, मीटरला ६० दिवे, ५ मीटरला ३००. एकेक दिवा पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे एकूण १८ अँपिअर. मोबाइलचा २ अँपिअरचा चार्जर इथे म्हणजे लग्नाच्या पंगतीला एक वाटी आमटी. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ५ व्होल्ट, २० अँपिअरची एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी, मागा. घरात पडलेला १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावलात तर पट्टीचं विसर्जन स्थापनेआधीच होईल. खरं तर प्रोग्रॅममधले रंगांचे आकडे कमाल २५५ ऐवजी ६० ठेवले तरी भागतं. करंट पाव होतो आणि मूर्तीचा चेहराही दिसतो.

पट्टीवर छापलेला बाण बोर्डापासून लांब जाणारा हवा. उलट लावली तर काहीच पेटत नाही. एसएमपीएसचा मायनस पिकोच्या ग्राउंडला जोडलेला नसेल, तर दिवे मनाला येईल ते नाचतात आणि घरच्यांना वाटतं, हाच तो प्रोग्रॅम. त्याहून छळवादी भानगड व्होल्टेजची. पिकोचा सिग्नल ३.३ व्होल्टचा, पट्टीला हवा निदान ३.५. एवढ्याशा फरकामुळे रात्रीच्या चाचणीत सगळं चालतं आणि आरतीला बिनसतं. मध्ये ३.३ चा सिग्नल ५ व्होल्टचा करणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप टाका. दुकानदार ७४एचसी१२५ देऊन "एकच आहे" म्हणेल. एकच नाही: ५ व्होल्टवर तीसुद्धा ३.५ मागते. सिग्नलच्या वायरीत पहिल्या दिव्याजवळ ३३० ओहमचा रेझिस्टर, आणि पॉवरच्या दोन वायरींमध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्याचं प्लस-मायनस उलटं झालं तर फटाका आपोआप वाजतो.

पट्टीचं शेवटचं टोक पिवळट-लाल पडलं तर पट्टी नकली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. तिच्यातलं तांबं पातळ असतं, पुढे व्होल्टेज उतरतं आणि निळा आधी दम टाकतो. दुसऱ्या टोकालाही प्लस-मायनसच्या जाड वायरी द्या.

आणि मधूनच पुढची सगळी पट्टी विझली तर? माहिती प्रसादाच्या ताटासारखी सरकते: प्रत्येक दिवा आपले २४ बिट उचलतो, उरलेलं पुढे देतो. एकाने ताट अडवलं की त्याच्या पुढचे सगळे उपाशी. चोर एक तर पहिला विझलेला किंवा त्याच्या आधीचा, साळसूदपणे पेटलेला. तांब्याच्या खुणेवर कापून दिवा बदला, दोन्ही बाजूंना तीन-तीन टाके सोल्डरचे.

एवढं करून सात रंग पळायला लागले की आजी विचारते, "हे नुसतं समईसारखं शांत नाही का राहात?"

राहतं. लाल ६०, हिरवा ३०, निळा ६. सगळ्या दिव्यांत एकच रंग भरणारं फिल(), आणि मग राइट().