एकॉर्न ओव्हनमध्ये भाजू नका

‘ओकखाली पडलेले एकॉर्न गोळा करा, ओव्हनमध्ये कडक वाळवा म्हणजे अळ्या मरतात, बरणीत भरून ठेवा आणि वसंतात कुंडीत लावा. पाच वर्षांत दारात सावली आणि फळं. उरलेले भारतात गावी न्या.’ न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. (एकॉर्न म्हणजे ओकच्या झाडाचं बी.) माझ्या मावशीने पिशवीभर एकॉर्न ओव्हनमध्ये घातले, तेव्हा म्हटलं आता पुरे.

अळ्या मरतात, हे खरं. पण एकॉर्नही मरतो! गहू-ज्वारी वाळवून कोठीत टिकते, तसं याचं नाही. एकॉर्न आतून ओला आहे तोवरच जिवंत. सुकला की संपला, मग कितीही पाणी घाला. अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसने 2008 मध्ये झाडांच्या बियांवर जाडजूड हँडबुक काढलं. त्यातलं ओकचं प्रकरण वाचा, सगळा भर ओल टिकवण्यावरच आहे. अळीची भीती असेल तर साल बघा. गोल भोक दिसलं, तर अळी आतलं खाऊन कधीच बाहेर पडली, तो फेका.

बरणीचंही तेच. पानाच्या कडा गोलसर असतील तर तो व्हाइट ओक. त्याचा एकॉर्न पडल्या पडल्या, थंडीआधीच मूळ सोडतो, त्यामुळे लगेच लावायचा. पानाला टोकं असतील तर रेड ओक. तो ओलसर भुशात, फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे) एक ते तीन महिने ठेवायचा, तेव्हा कुठे जागा होतो. कुंडी खोल घ्या, सोटमूळ आधी खाली धावतं. वर जाळी हवीच, नाहीतर खारी उकरून नेतात.

‘पाण्यात तरंगणारे फेका’ असंही त्यात आहे. ते बरंचसं बरोबर, मान्य. फक्त चार दिवस अंगणात सुकलेला चांगला एकॉर्नही तरंगतो. रात्रभर भिजवून मग निकाल लावा.

पाच वर्षांत फळं? रेड ओकला वीस-पंचवीस वर्षं लागतात. पुढे बोलायला नको.

आणि भारतात न्यायचं म्हणे! लागवडीचं बी आणायला भारताच्या 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि इथलं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बियाला रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला) लागतं. शिवाय गारठ्याच्या मुलखातलं हे झाड सांगलीच्या उन्हात काय करणार? कस्टम्सवाल्याने मावशीची बॅग उघडली, तर मेसेज पाठवणारे काही सोडवायला येणार नाहीत.