कुंडीतल्या खजुराबद्दल थोडा खुलासा

‘खजुराची बी कुंडीत लावा, दोन वर्षांत घरचा खजूर खा’ असा मेसेज आपल्या गावच्या ग्रुपवर फिरतोय. यातलं अर्धंच खरं आहे.

बी उगवते, वादच नाही. बाजारातल्या ओल्या खजुराची बी दोन दिवस भिजवून लावली तर महिना-दोन महिन्यांत गवतासारखं एक पान वर येतं. (उकळून वाळवलेल्या खारकेच्या बीची मात्र आशा सोडा.) पण फळ? खजुरात नर-मादी झाडं वेगळी. बियाण्यातून साधारण निम्मे नर निघतात आणि फुलोरा येईपर्यंत कोणतं काय ते कळत नाही. त्याला जमिनीतही चार ते आठ वर्षं लागतात, कुंडीत तर मुळं कोंडून झाड खुंटतं. मादी निघाली तरी नराचे पराग हातानं लावावे लागतात. म्हणून तर कच्छमधले अनेक शेतकरी खात्रीच्या मादी झाडाच्या बुडाशी फुटलेली पिलं किंवा टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं लावतात.

शोभेसाठी लावायचा असेल तर खुशाल लावा. आपल्याकडचं ४५ अंशांचं ऊन त्याला मानवतं, पाणी तेवढं द्या. घात होतो तो काळ्या मातीनं. नुसती कपाशीची माती भरली की पावसाळ्यात पाणी साचतं आणि मुळं सडतात. तीत निम्मी रेती आणि शेणखत मिसळा, कुंडी खोल घ्या, बुडाला भोकं ठेवा. मधला कोंब कधीच छाटू नका, झाड तिथंच संपतं. आणि कुंडी लेकरांच्या वाटेत नको. पानांच्या बुडाशी शिंदीसारखेच काटे असतात.